गोदामातल्या पन्नास माणसांना अँथ्रॅक्सची लस हवी का?

"डॉक्टर, पन्नास माणसांना अँथ्रॅक्सचं इंजेक्शन द्यायचंय. माणशी रेट सांगा, जीएसटी धरून."

फोन होता जेएनपीटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गोदामातून. मीठ लावलेली कातडी, शिंगं, खुरं, हाडांचा चुरा असा माल तिथे उतरतो, छाटला जातो आणि पुढे जातो. परदेशी खरेदीदाराने त्यांना एक तक्ता भरायला पाठवला होता. त्यात धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या खाली एक खाना होता: 'अँथ्रॅक्स लस, हो की नाही'. मॅनेजरला 'हो'वर खूण करायची होती, तीही शुक्रवारपर्यंत.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या कारखान्यांत कामगारांच्या तपासण्या करतो. असे फोन वर्षातून दोन-तीनदा येतातच. कधी तबेलेवाला विचारतो, कधी महाप्याच्या एखाद्या प्रयोगशाळेतल्या एचआरच्या मॅडम, आणि एकदा तर ढोल-ताशा पथकाच्या अध्यक्षांनी विचारलं. प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितो. कोणाला ही लस लागते, कोणाला नाही, लागत असेल तर कशी घ्यायची, आणि मिळत नसेल (बहुतेकांना मिळणार नाहीच) तर तिच्या जागी काय करायचं, या क्रमाने.

आधी नावाचा घोळ मिटवू

मधुमेह असलेल्या माणसाच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचं, ठणकणारं गळू येतं, त्याला आपण काळपुळी म्हणतो. ते पुवाच्या नेहमीच्या जंतूंमुळे होतं. जुन्या मराठी पुस्तकांत अँथ्रॅक्सलाही काळपुळीच म्हटलंय, फार तर 'सांसर्गिक काळपुळी'. जनावरांच्या बाबतीत काही ठिकाणी फाशी म्हणतात. त्यामुळे "आमच्या वडिलांना काळपुळी झाली होती, आता घरात सगळ्यांनी लस घ्यायची का?" असा प्रश्न येतो. नाही घ्यायची. तो रोग वेगळा. घोळ नको म्हणून पुढे मी सरळ अँथ्रॅक्स हाच शब्द वापरणार आहे.

या रोगाचा जंतू, बॅसिलस अँथ्रासिस, जनावराच्या शरीराबाहेर हवा लागली की बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त, रूपात जातो. हे बीजाणू किती चिवट? १९४२ साली ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्यांवर त्यांची चाचणी घेतली. ते बेट सुरक्षित जाहीर करायला १९९० उजाडलं, तेही सगळी जमीन फॉर्मल्डिहाइडने धुतल्यावर. गोदामातला मुकादम मला म्हणाला होता, "साहेब, मीठ लावलंय, आता त्यात काय जगणार?" मिठाने कातडं टिकतं. बीजाणूही टिकतात.

माणसाला हा रोग जनावरापासून किंवा जनावराच्या मालापासून होतो. माणसापासून माणसाला सहसा होत नाही. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त रुग्णांना तो त्वचेतून होतो: हाताला खरचटलेलं असतं आणि तिथून बीजाणू आत शिरतात. आजारी जनावराचं मांस खाल्लं तर पोटाचा अँथ्रॅक्स होतो. बीजाणूंची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाचा, आणि तो सगळ्यांत घातक.

पहिलं काम: माणसांआधी माल मोजा

मॅनेजरने पन्नास हा आकडा हजेरीपटावरून काढला होता. जोखीम हजेरीपटावरून ठरत नाही, मालावरून आणि धुळीवरून ठरते. म्हणून मी गोदामात गेलो आणि प्रत्येक ढिगापाशी एकच प्रश्न विचारत फिरलो: हे कापलेल्या जनावराचं आहे की मेलेल्या?

कातड्याच्या धंद्यात यासाठी शब्दच आहेत, हलाली आणि मुर्दारी. कत्तलखान्यात पशुवैद्याने तपासून कापलेल्या जनावराचं कातडं हलाली. गोठ्यात, शेतात, रस्त्याकडेला मेलेल्या जनावराचं मुर्दारी. अँथ्रॅक्सने जनावर बहुधा अचानक मरतं, म्हणजे धोका असेल तर तो मुर्दारी मालात. आपल्या देशात ओडिशाच्या कोरापूटसारख्या भागांत माणसांमधल्या साथी पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे मेलेलं जनावर सोलणं, कापणं आणि खाणं हेच कारण असतं. मुर्दारी माल स्वस्त पडतो आणि बिलावर तसं कोणी लिहीत नाही. तेव्हा बिलावर विसंबू नका, ज्याने माल उतरवला त्याला विचारा.

त्या गोदामात कातडी ओली, मिठाची, घडी घातलेली होती. धूळ जवळपास नाही. पण मागच्या कोपऱ्यात शिंगं-खुरांची आणि हाडांच्या चुऱ्याची पोती रिकामी केली जात होती. पत्र्याला पडलेल्या भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता, आणि त्या पट्ट्यात धुळीचा लोट स्पष्ट दिसत होता. सहा माणसं त्यात काम करत होती. त्यातल्या पाचांच्या तोंडाला रुमाल आणि सहाव्याच्या तोंडाला काहीच नाही, कारण त्याच्या मते त्याची दाढीच गाळणी होती. पन्नासाचा प्रश्न तिथे सहावर आला.

तुमच्या कामाचं वर्गीकरण असंच करा. अँथ्रॅक्सची लस जगात प्रामुख्याने या लोकांसाठी शिफारस केली जाते: प्रयोगशाळेत हा जंतू मुद्दाम वाढवणारे किंवा बीजाणूंच्या भुकटीशी काम करणारे, जिथे हा रोग जनावरांत वारंवार येतो अशा भागातून आलेली, प्रक्रिया न केलेली कातडी, लोकर, केस, हाडं हाताळणारे, अशाच भागात आजारी जनावरांवर काम करणारे पशुवैद्य आणि त्यांचे सहायक, आणि जैविक हल्ल्याचा धोका धरून तयार राहणारे सैनिक वगैरे.

या यादीत कोण नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. वाशीच्या एपीएमसीतला माथाडी नाही. तपासलेलं मटण विकणारा दुकानदार नाही. तबेल्यात धारा काढणारे भय्या नाहीत, जोवर त्या तबेल्यात किंवा आसपास अँथ्रॅक्सने जनावर मेलेलं नाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नाहीत. कमावलेल्या चामड्याच्या चपला, पर्स, पट्टे बनवणारे तर अजिबात नाहीत. नेहमीच्या रक्त-लघवीच्या पॅथॉलॉजी लॅबमधला तंत्रज्ञही नाही.

ढोलपथकाचं काय? त्या अध्यक्षांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. २००८ साली लंडनमध्ये ढोल बनवणारा एक कारागीर फुप्फुसाच्या अँथ्रॅक्सने दगावला होता, आणि त्याच्या दोन वर्षं आधी स्कॉटलंडमध्येही तसाच एक मृत्यू झाला होता. दोन्हीकडे संबंध होता परदेशातून आणलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कातड्याशी. ढोल वाजवणाऱ्या पोरांना लस लागत नाही. पण तबला-पखवाजाच्या पुड्या बनवणारा कारागीर कच्च्या कातड्यावरचे केस कोरडेच खरवडत असेल, तर त्याने ते ओलं करून खरवडावं, मास्क लावावा, आणि कातडं कुठून आलं ते विचारून घ्यावं. पथकाच्या अध्यक्षांना मी एवढंच सांगितलं. त्यांच्या पथकात फायबरची पानं होती, हे शेवटी कळलं.

दुसरं काम: कोणती लस, हे नीट समजून घ्या

अँथ्रॅक्सची लस म्हटलं की शाळेतला पाश्चर आठवतो. १८८१ साली फ्रान्समधल्या पुई-ल-फोर गावात लोकांसमोर मेंढ्यांना टोचून त्याने ती सिद्ध केली. पण ती जनावरांची होती. माणसांसाठीच्या लशीचा खरा कस लागला तो अमेरिकेतल्या बकरीच्या केसांच्या गिरण्यांमध्ये, १९५० च्या दशकात. चार गिरण्यांत चाचणी चालू असतानाच १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टर गावातल्या गिरणीत साथ आली. नऊ जणांना लागण झाली, पाच जणांना फुप्फुसाची, आणि त्यांतले चार गेले. लागण झालेल्यांत खऱ्या लशीचे डोस झालेला एकही नव्हता. पुढे १९७० मध्ये तिथे माणसांसाठीच्या लशीला परवाना मिळाला. म्हणजे ही लस मुळात सैनिकांची नाही, कामगारांची आहे. गोदामवाल्यांना हे सांगितलं की ते जरा लक्ष देऊन ऐकतात.

आज अमेरिकेत वापरली जाणारी लस, बायोथ्रॅक्स, हिच्यात जिवंत किंवा मेलेला जंतू नसतो. जंतू वाढवलेल्या द्रवातला गाळून घेतलेला भाग त्यात असतो. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे 'प्रोटेक्टिव्ह अँटिजन', जे जंतूच्या विषाला आपल्या पेशीत शिरायचं दार उघडून देतं. शरीर त्या प्रथिनाला ओळखायला शिकलं की दार उघडत नाही. त्यामुळे लशीने अँथ्रॅक्स होण्याची शक्यताच नाही. ब्रिटनची लसही याच पठडीतली. रशिया आणि चीनमध्ये मात्र माणसांसाठी जिवंत बीजाणूंची लस वापरली गेली आहे, तिचं तंत्र वेगळं.

आता आपल्याकडचं. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात माणसांसाठीची अँथ्रॅक्स लस नाही. ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या महापालिका दवाखान्यात ती मिळत नाही, आणि औषधाच्या दुकानात फ्लू किंवा हिपॅटायटिसच्या लशीसारखी फ्रिजमध्ये ठेवलेली नसते. या लशी प्रामुख्याने सरकारं आणि सैन्यदलं विकत घेतात.

इथेच एक गोष्ट ठळक सांगायला हवी. आपल्याकडे 'अँथ्रॅक्स स्पोअर व्हॅक्सिन' नावाची बाटली मिळते. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेत ती बनते. ती फक्त जनावरांसाठी आहे. तिच्यात स्टर्न जातीचे जिवंत बीजाणू असतात. जनावरांत त्यांचा रोग सहसा होत नाही, पण माणसाला ती टोचायची नसते, कधीच नाही. कोणी एजंट "अँथ्रॅक्स व्हॅक्सिन आहे, कॅम्प लावून देतो" म्हणाला तर बाटलीवरचं लेबल वाचा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी असं काही दिसलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. माझ्या अनुभवात रेट विचारणारे आणि रेट सांगणारे यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

मग कायदेशीर मार्ग कोणता? औषध नियम १९४५ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी थोड्या प्रमाणात औषध आयात करायची परवानगी मागता येते: नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी जोडून फॉर्म १२-ए भरायचा, परवाना मिळतो तो १२-बी. ही वाट कागदावर आहे. पण लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये यावी लागते, गोठून चालत नाही, आणि एका माणसाला एक नव्हे तर अनेक डोस लागतात. गोदामातल्या सहा जणांसाठी मी ही वाट सुचवली नाही. ज्यांना लस खरोखर मिळते ते बहुतेक अशा संस्थेत काम करतात जी स्वतः ती व्यवस्था करते, किंवा परदेशातल्या प्रयोगशाळेत वा सैन्याच्या कंत्राटावर जातात आणि तिथला मालक ती देतो. आपल्या पट्ट्यातून अशी माणसं जातात, म्हणून पुढची पायरी त्यांच्यासाठी.

तिसरं काम: लस मिळणार असेल तर वेळापत्रक आधी जुळवा

बायोथ्रॅक्स १८ ते ६५ वयाच्या माणसांना देतात. जोखमीचं काम सुरू होण्याआधीचा क्रम असा: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. प्रत्येक वेळी अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. त्यानंतर पहिल्या डोसपासून १२ आणि १८ महिन्यांनी बूस्टर, आणि जोखीम चालू असेल तर दर वर्षी एक. सध्या थेट संपर्क नाही, पण पुढे येऊ शकतो, अशांना तीन वर्षांनी बूस्टर चालेल असं अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०१९ मध्ये म्हटलं.

तारखा घालून बघा. पहिला डोस ५ जानेवारीला घेतला तर दुसरा ५ फेब्रुवारी, तिसरा ५ जुलै, मग पुढच्या वर्षी ५ जानेवारी आणि ५ जुलै. म्हणजे सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं असेल तर तयारी जानेवारीतच. पुरेसं संरक्षण पहिले तीन डोस पुरे झाल्यावरच धरतात. व्हिसा आला की लशीचं बघू, असं म्हणणाऱ्या एका मुलाला तिथे पोहोचून दोन महिने नुसतं टेबलावर बसवून ठेवलं होतं.

ब्रिटनमध्ये क्रम निराळा आहे: तीन आठवड्यांच्या अंतराने तीन डोस आणि तिसऱ्यानंतर सहा महिन्यांनी चौथा. तेव्हा इंटरनेटवरचा तक्ता बघून तारखा लावू नका. हातात असलेल्या लशीच्या पत्रकावर जे लिहिलंय तेच धरा. एखादा डोस हुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, राहिलेला डोस लवकरात लवकर घेऊन पुढे जायचं. कार्डाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. पावसाळ्यात पाकिटातल्या कार्डाचा लगदा झालेला मी पाहिलाय.

सुई घेण्याआधी डॉक्टरांना हे न विचारता सांगा: याआधीच्या डोसला जोराची ॲलर्जी आली होती का (आली असेल तर पुढचा डोस नाही); रबराच्या हातमोज्यांनी अंगावर पुरळ उठतं का, कारण बाटलीच्या बुचात लॅटेक्स असतं; पूर्वी अँथ्रॅक्स होऊन गेलाय का; स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का; आज ताप आहे का. गरोदर असाल किंवा शंका असेल तर तेही. धोका फार मोठा नसेल तर गरोदरपणात ही लस पुढे ढकलतात. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र ती चालते.

सुईनंतर पंधरा मिनिटं बसून राहा. दंड दुखतो, लाल होतो, सुजतो, आणि कातडीखाली छोटी गाठ राहते, ती काही आठवडेही टिकू शकते. हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, असं अभ्यासांत दिसलंय. पूर्वी ही लस कातडीखाली देत आणि डोसही जास्त होते. २००८ पासून स्नायूत द्यायला लागले तसा दंडाचा त्रास कमी झाला. डोकेदुखी, अंगदुखी, थकवा एक-दोन दिवस. त्या दिवशी पोती उचलायचं काम लावू नका. चेहरा सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांध्या येणं यांपैकी काही झालं तर ताबडतोब दवाखाना.

आणि लस घेतली म्हणून मास्क उतरवायचा नाही. लस झालेल्या माणसाचा बीजाणूंशी उघडा संपर्क आला तरी डॉक्टर त्याला अँटिबायोटिक देतात.

चौथं काम: ज्याला टोचायचं त्याला टोचा

माणसाला लस मिळत नाही, पण जनावराला मिळते, आणि माणसाचं बरंचसं संरक्षण तिथूनच होतं. दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात शोधलेली जात आजही जगभर वापरतात. जिथे पूर्वी अँथ्रॅक्स आलाय, तिथे वर्षातून एकदा, रोगाच्या हंगामाआधी ती देतात. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांच्या लशी पावसाळ्याआधी नेहमी दिल्या जातात. अँथ्रॅक्सची तशी सरसकट नसते, ती कुठे द्यायची हे पशुसंवर्धन विभाग ठरवतो. मुरबाड-शहापूरकडून जनावरं आणणाऱ्या तबेलेवाल्यांनी स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं, किंवा १९६२ वर फोन करावा.

पशुवैद्य आणि त्यांच्या सहायकांसाठी दोन गोष्टी. लस जिवंत असल्यामुळे त्या दिवसांत जनावराला अँटिबायोटिक दिलं तर लस वाया जाते. आणि जनावर हललं नि सुई तुमच्याच बोटात गेली, तर जखम दाबत, चोखत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, बाटलीवरचं नाव आणि बॅच लिहून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तबेल्यात जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल, अंग ताठ झालं नसेल, तर त्याला हात लावू नका, सोलू नका, चिरू नका. चिरलं की आतल्या जंतूंना हवा मिळते आणि बीजाणू तयार होतात. कुत्रे-कावळे लांब ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. ते कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर घेतात, तेवढं पुरतं. कातड्याच्या चार पैशांसाठी इथे घाई होते. पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात तिथून.

पाचवं काम: लशीऐवजी गोदामात काय केलं

कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा, दोन्ही बंद. पोतं रिकामं करण्याआधी पाण्याचा बारीक फवारा, जमीन ओल्या फडक्याने पुसायची. सहा जणांना एन-९५ मास्क, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचे सदरे, जाड हातमोजे. उरण-पनवेल पट्ट्यात मे महिन्यात पत्र्याखाली एन-९५ लावून काम करणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. आम्ही दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटांची सुट्टी लावली, कारण सुट्टी दिली नाही तर मास्क हनुवटीवर येतो. दाढीवाल्याच्या मास्कच्या कडेने हवा जात होती. त्याला मी दाढी काढ असं म्हणालो नाही, त्याला तिथून हलवून ओल्या कातड्यांकडे लावा असं म्हणालो. मुकादमाने मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सांगायला नको.

कामाचे कपडे कामावरच राहिले पाहिजेत. हे सगळ्यांत अवघड गेलं. घरी नेऊन बायकोने बादलीत भिजवायचे, ही वर्षानुवर्षांची रीत. शेवटी मालकाने एक वॉशिंग मशीन आणलं. डबा खाण्याआधी साबणाने हात आणि कोपरापर्यंतचा भाग धुवायचा. दारात टांगलेल्या सॅनिटायझरची बाटली मी काढायला लावली, कारण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत आणि ती बाटली बघून लोक साबणाकडे जात नाहीत. हाताला खरचटलं असेल तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी, आणि त्या दिवशी हाडांचा कोपरा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्या पन्नास जणांना दिलं. ते त्यांना खरंच हवं होतं, आणि त्याचा रेटही मी सांगितला.

खरेदीत एक बदल केला: प्रत्येक गाडीबरोबर कत्तलखान्याचं किंवा पशुवैद्याचं प्रमाणपत्र. नाही तर गाडी परत. पहिल्या महिन्यात दोन गाड्या परत गेल्या.

सहावं काम: रोग ओळखता यायला हवा

बीजाणू कातडीत शिरल्यावर साधारण एक ते सात दिवसांत डास चावल्यासारखी, खाजणारी पुळी येते. दोन दिवसांत तिच्याभोवती पाण्याच्या फोडांचं कडं येतं, मग मधे व्रण पडतो आणि त्यावर कोळशासारखी काळी खपली धरते. आजूबाजूला भरपूर सूज असते, आणि दुखत नाही. मधुमेहाच्या काळपुळीत माणूस रात्रभर कण्हतो. इथे तो कामावर येतो, म्हणून हे सुटतं. उपचार नाही केले तर दर शंभरातले वीसपर्यंत दगावू शकतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर शंभरात एकापेक्षा कमी. औषध सुरू झाल्यावरही खपली आपल्या गतीनेच पुढे जाते आणि दोन-तीन आठवड्यांनी पडते, म्हणून घाबरून डॉक्टर बदलू नका.

चिरा देऊन घ्यायचा नाही. पहिली गोळी घेण्याआधी जखमेचा नमुना घेतला गेला पाहिजे, नाहीतर नंतर जंतू सापडत नाही. आमच्या भागात चिगर नावाचा बारीक किडा चावून होणाऱ्या स्क्रब टायफसलाही अशीच न दुखणारी काळी खपली येते, आणि शेळ्या हाताळणाऱ्यांना ऑर्फ नावाच्या विषाणूचे फोड येतात. फरक तपासणीतच कळतो. मीही एकदा फसलोय. पायावर काळी खपली बघून मनात अँथ्रॅक्स पक्का केला, निघाला स्क्रब टायफस. तो माणूस दोन दिवस आधी माळशेजला भटकून आला होता आणि मी ते विचारलंच नव्हतं.

तेव्हा डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. गोदामातल्या प्रत्येकाच्या पाकिटात आता एक छोटं कार्ड आहे: 'मी जनावरांची कच्ची कातडी व हाडं हाताळतो. काळी खपली, सूज, ताप किंवा दम लागल्यास अँथ्रॅक्सची शक्यता तपासावी.' कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसती मलमपट्टी झाली तर हे कार्ड घेऊन महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा. गरज पडली तर तिथून चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवता येतं.

धूळ श्वासात गेल्याची पक्की शंका असेल तर गोष्ट वेगळी. बीजाणू फुप्फुसात आठवडेच्या आठवडे गप्प पडून राहू शकतात. १९७९ साली सोव्हिएत रशियातल्या स्वर्डलोव्हस्क शहरात लष्करी केंद्रातून बीजाणू बाहेर पडले, तेव्हा काही माणसं सहा आठवड्यांनी आजारी पडली होती. म्हणून अशा संपर्कानंतर अँटिबायोटिक ६० दिवस देतात, आणि बायोथ्रॅक्स उपलब्ध असेल तर तिचे शून्य, दोन आणि चार आठवड्यांना तीन डोस, तेही कातडीखाली. पंधराव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि पहिली गोळी स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणूनही घ्यायची नाही.

कागदपत्रं

थोडक्यात. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतल्या, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत अँथ्रॅक्स होता, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतल्या यादीतही आहे. कामगाराला तो झाला तर कारखान्याच्या व्यवस्थापनाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचं असतं. जनावरांचे मृतदेह किंवा त्यांचा माल हाताळताना झालेला संसर्ग हा भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून धरलाय. त्यासाठी कामगार त्या तारखेला तिथे कामावर होता, हे दाखवता यायला हवं. कंत्राटी माणसाचं नाव हजेरीपटावर नसेल तर सगळं तिथेच अडतं. रोजंदारीवाल्यांची नावं लिहा, मग ती वहीच्या मागच्या पानावर का असेनात.

शुक्रवारी तो तक्ता गेला. 'अँथ्रॅक्स लस' या खान्यात मी 'नाही' लिहिलं, आणि खाली चार ओळी: ही लस इथे सर्वसाधारण वापरात नाही, जोखमीचे कामगार सहा, माल प्रमाणपत्राशिवाय घेतला जात नाही, धूळ आणि मास्कची व्यवस्था सोबतच्या पानावर. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. खरेदीदाराचं उत्तर आठ दिवसांनी आलं. लशीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. त्यांनी मागितला होता सहाही जणांचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो याचा चाचणी अहवाल, आणि सोबत पाठवलेल्या फोटोत हाडांच्या कोपऱ्यात अजूनही उभ्या असलेल्या दाढीवाल्या माणसाभोवती लाल गोल काढला होता.